एका श्वासाएवढा सूर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. महाडच्या बाजारपेठेमागे एका घराच्या माळ्यावर, फाटक्या ताडपत्रीखाली मी पडून असतो. माझा रंग एके काळी पांढराशुभ्र होता, आता तो म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडला आहे. पडद्याची पाठ फुगीर असल्यामुळे मला भिंतीला नीट टेकताही येत नाही. माझ्या शेजारी एक मोडका पाळणा आणि एक पितळी बंब आहे. आपल्याला कुठल्या सुताराने, कुठल्या तांबटाने घडवले हे त्या दोघांना ठाऊक आहे. मला माझ्याबद्दल तसे काही सांगता येत नाही.

माझी काच एका देशात ओतली गेली, मेंदू दुसऱ्या देशात कोरला गेला, आणि तिसऱ्या देशातल्या लांबलचक खोलीत तोंडाला फडके बांधलेल्या मुलींनी माझे सगळे अवयव जोडले. माझ्या पोटातले तांबे कुठल्या डोंगराचे, ते खणताना तिथल्या किती झाडांना जावे लागले, हे मला कुणी सांगितले नाही. कपाळावर कंपनीचे नाव मात्र ठसठशीत होते. माझी पहिली नोकरी आखातातल्या एका बंदरावर, माल मोजण्याच्या कचेरीत झाली. तिथे थंड हवेत मी राजासारखा बसे. मग माझ्याहून चपळ यंत्रे आली आणि मला बोळात ठेवले गेले.

त्या बोळात मला अर्शदने पाहिले. तो महाडचा, तिथे कारकुनी करणारा तरुण. आखातातून माणूस आला की घरी अत्तर येते, कांबळी येतात, खजूर येतो. अर्शदने कांबळ्यात गुंडाळून मला आणले. त्याचे वडील गनीभाई टेम्पोचा धंदा करत. त्यांनी मला चहूबाजूंनी निरखले, एवढा मोठा टीव्ही आणलास तर त्याला चित्र का येत नाही असे विचारले, आणि पुढच्या खोलीतले जुने टायर हलवून मला जागा करून दिली.

मला खरे घरचे केले ते अर्शदच्या बहिणीने, अमरीनने. ती कॉलेज संपवून घरी बसली होती आणि घरात तिच्या लग्नाचे बोलणे चालू होते. तिने पुस्तकातून बघून बघून मला चालवायला शिकून घेतले, आणि वर्षभरात त्या टायरच्या वासाच्या खोलीवर इंटरनेट आणि कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. नवरे आखातात असलेल्या बायका दुपारी येत, डोक्याला माझा हेडफोन लावत आणि त्याच्या दांडीवरच्या छोट्या माईकमध्ये बोलत. तो माईक म्हणजे माझा कान. पोराला दात आला, आंब्याला मोहोर आला, सासूशी बोलणे बंद आहे, सगळे मी ऐकले आणि समुद्रापार पोचवले. लोक म्हणत, गनीभाईच्या घरात जादूचा डबा आहे. स्तुती कुणाला आवडत नाही? मीही फुगलो होतो, आणि ते फक्त पाठीपुरते नव्हते.

क्लासला एक मुलगी येई, पूनम. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर तिची वाडी. गुरे, शेळ्या आणि नाचणी यांवर जगणारी. ती महाडला मामाकडे राहून शिकत होती. एके दिवशी क्लास सुटला तरी ती उठेना. अमरीनने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, ह्या मशिनीत परदेशातली गोष्ट सापडते ना? माझ्या आज्याचा एक आवाज तिकडे गेलाय. तो परत आणायचाय."

मग तिने जे सांगितले ते असे.

वाडीच्या खालच्या अंगाला मानाई देवीची राई आहे. आंबा, जांभूळ, बेहडा, अंजनी, सगळी झाडे आपापल्या मनाने वाढलेली, आणि मधून एक झरा. राईतली वाळकी काटकीसुद्धा देवीला न विचारता उचलायची नाही, असा तिथला नेम. घरात लग्न निघाले आणि मांडवाला मेढी, म्हणजे लाकडी खांब, हव्या असल्या, तर देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार मिळाला तर मेढी आणायच्या, आणि मांडव उतरला की त्याच मेढी परत राईत नेऊन ठेवायच्या. तिथे त्यांना वाळवी लागते, त्यांची माती होते. राईचं राईत, असे वाडीतली माणसे म्हणतात. पूनमचा आजा रायबा या देवीची पूजा करायचा.

तीन-चार वर्षांमागे एक परदेशी बाई तिथे आली होती, बरोबर पुण्याचा दुभाष्या. जगभरातल्या रानांचे आवाज गोळा करून ती संगणकावर कलाकृती करणार होती. राईत कस्तूर होता. हा निळाकाळा पक्षी पहाटे झऱ्याकाठी अशी शीळ घालतो, की गुराखी पोर वाट चुकले आहे असे वाटावे. बाईला तो सूर हवा होता. रायबाने कौल लावला. कौल उजवा झाला, पण नेमाप्रमाणे त्याने अट सांगितली: नेलेला सूर परत आणून राईत सोडायचा. दुभाष्याने हे बाईला सांगितले. तिने छातीवर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले, आणि ती हो म्हणाली. तिला ते बोलणे फार सुंदर वाटले. ते सुंदर म्हणून बोललेले नव्हते, ते खरे होते. रायबाने ओंजळीत पाणी घेऊन देवीपुढे सोडले आणि तो त्या बाईचा जामीन राहिला.

बाई गेली ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला रस्त्यासाठी सुरुंग लागले, झऱ्याची धार बारीक झाली आणि कस्तुराची शीळ ऐकू येईनाशी झाली. सुरुंगांनी तो उडून गेला असेल, पण वाडीतल्या कुशाबाने चारचौघांत म्हटले की रायबाने देवीचा सूर विकला. कुणी रायबाला दूर लोटले नाही. त्यानेच पूजेचे ताट चुलतभावाच्या घरी पोचवले आणि तो राईच्या दगडी गडग्याबाहेर, कुंपणापाशी बसू लागला. आता त्याला दमा जडला होता, अंग झडत चालले होते. मरायच्या आधी एकदा देवीपुढे दिवा लावायचा, एवढीच त्याची इच्छा होती. पण जामिनाचे देणे फिटल्याशिवाय तो गडगा ओलांडायला तयार नव्हता.

अमरीनने ओढणी खोचली आणि शोध सुरू केला. त्या काळी माझी तार टेलिफोनमधून जाई, एक चित्र उघडायला चहा गार व्हावा एवढा वेळ लागे. कितीतरी दुपारी गेल्या, आणि अखेर सापडले. परदेशातल्या एका मोठ्या कलासंस्थेचे पान होते. अंधाऱ्या खोलीत मऊ गालिच्यावर माणसे बसली आहेत, समोरच्या भिंतीवर सुराबरोबर हिरव्या रेघा उसळत आहेत, असे चित्र होते. खाली लिहिले होते की यंत्रे आणि बलाढ्य देश यांनी दुबळ्यांची राने कशी लुटली, हे ही कलाकृती दाखवते. त्याच्याही खाली लिहिले होते की परवानगीशिवाय हा आवाज वापरू नये. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणखी काय म्हणावे? शेजारी एका पाठमोऱ्या माणसाचा फोटो होता. पूनमने घोंगडीवरून आजा ओळखला. फोटोखाली लिहिले होते, "एक स्थानिक वृद्ध."

दोघींनी मिळून इंग्रजीत पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते. संस्थेला तुमची भावना मोलाची वाटते, पण आवाज आता संस्थेच्या संग्रहाचा आहे. शिवाय आम्ही तुमच्याकडून काहीच नेलेले नाही, आम्ही फक्त प्रत केली, मूळ तुमच्याकडेच आहे. मला ते उत्तर बिनतोड वाटले. माझ्या जातीचा धर्मच तो. आम्ही प्रत करतो, प्रतीची प्रत करतो, आणि कुणाचे काही कमी झाले असे आम्हाला वाटत नाही.

त्या पानावर नमुना म्हणून आवाजाचा एक तुकडा ऐकता येई, जेमतेम एका श्वासाएवढा. कस्तुराची एकच शीळ, आणि तिच्या शेवटी दुरून कुणीतरी खोकल्याचा आवाज. पूनम म्हणाली, हा आजाच. तेव्हा दमा नव्हता, नुसता सर्दीचा खोकला होता. हा तुकडा माझ्यात उतरवून घ्यावा की नाही, यावर अमरीन अडली. न विचारता घेणे म्हणजे चोरीच की. गनीभाई दारात उभे राहून ऐकत होते. बकरीदच्या आधी ते रायबाकडून बकरे घेत, त्यामुळे त्यांची जुनी ओळख. ते म्हणाले, "आपलीच बकरी दुसऱ्याच्या दावणीला दिसली, तर तिच्या अंगावरून हात फिरवायला कुणाची परवानगी काढायची?"

तो सूर माझ्यात आला. मी तोवर हिशेब पाहिले होते, नवराबायकोची भांडणे ऐकली होती, पण असे काही माझ्यात कधी आले नव्हते.

पूनमला मग एक वेडच लागले. क्लास झाला की ती माऊस धरून बसे. तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐके आणि सूर जिथे चढेल तिथे फांदी चढवी, जिथे उतरेल तिथे झऱ्याचे पाणी उतरवी. परदेशी बाईच्या भिंतीवर नुसत्या रेघा होत्या, पूनमच्या चित्रात बेहडा बेहडा होता आणि अंजनी अंजनी. खोकल्याच्या जागी तिने गडग्याबाहेर बसलेला आजा काढला. खाली लिहिले: "सूर मानाईच्या राईचा. जामीन रायबा." चित्र सुराबरोबर हलायचे. आखातात फोन लावायला आलेल्या बायका हेडफोन हातात धरून उभ्या राहत आणि पुन्हा दाखव म्हणत. कॉलेजच्या सरांनी ते मुंबईच्या प्रदर्शनात पाठव म्हणून सांगितले. पूनम हसली की तिच्या गालाला खळी पडते, हे मला त्या दिवसांत कळले.

पण ती सुट्टीत घरी जाऊन आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. आजाचे अंथरूण धरायचे दिवस आले होते. सूर सापडला हे ऐकून तो उठून बसला आणि म्हणाला, ज्याच्यात तो सूर असेल त्याला राईपाशी आणा. कॅसेट करून नेते म्हटले तर ऐकेना. मेढीच्या बदल्यात कुणी मेढीचा फोटो नेऊन ठेवतो का, असे त्याने विचारले.

तेव्हा गनीभाईंनी टेम्पो काढला. गोधड्यांत गुंडाळून मला चढवले, हेडफोन माझ्याच गळ्यात अडकवला, आणि अमरीन व पूनम मला दोन्ही बाजूंनी धरून बसल्या. पोलादपूर गेले, घाटाची वळणे गेली, मग नुसती धूळ आणि दगड. माझ्या पोटातले स्क्रू खुळखुळत होते.

वाडीतल्या शेवटच्या घरातून वायर ओढून मला राईच्या गडग्यापाशी एका पाटावर ठेवले. वीज गेलेली होती. सगळी वाडी तिची वाट बघत बसली, कुशाबासुद्धा. रायबाला दोघांनी धरून आणले. काठीएवढा माणूस, पण डोळे लखलखीत. पूनमच्या आजीने, चिमाबाईने, माझ्या कपाळावर कंपनीच्या नावाखाली हळद लावली. अमरीन चपला काढून लांब उभी होती. आत यावे की नाही तिला कळेना. चिमाबाई तिला म्हणाली, "ये गो पोरी. राईत पाय वाजवू नको, म्हंजे झालं."

दुपार कलल्यावर वीज आली. अमरीनने मला जागे केले आणि माझ्यातून तो सूर उठला. एक शीळ आणि तिच्यामागे खोकला. तसाच खोकला तेवढ्यात खऱ्या रायबाला आला, आणि चिमाबाईने पदर तोंडाला लावला. मग आत पाषाणापाशी बसलेल्या चुलतभावाने कळ्या लावल्या आणि रायबाने गडग्याबाहेरूनच विचारले, देवी, तुझे तुला पोचले का?

डावी कळी पडली.

कुशाबा उठू लागला. रायबाने त्याला हाताने थांबवले. मग त्याने अमरीनला विचारले, "आता तो सूर खय हाय? ह्याच्यात हाय का नाय?"

अमरीन म्हणाली, "आहे बाबा. हवा तितक्या वेळा वाजवता येईल."

"मंग परत कसा दिला?" रायबा म्हणाला. "परत दिलं म्हंजे आपल्याकडं ऱ्हायलं नाय पायजेल."

मित्रांनो, त्या संस्थेचे उत्तर मला बिनतोड वाटले होते. ते त्या एका वाक्याने तुटले. ज्याचे काहीच कमी होत नाही, त्याने परत काहीच दिलेले नसते.

अमरीनने पूनमकडे पाहिले. सूर पुसायचा म्हणजे चित्रही पुसायचे, कारण चित्राच्या पोटात तोच सूर होता. पूनमने होकाराची मान हलवली, पण तिला पुढे यायला जमेना. अमरीननेच आधी सूर पुसला, मग चित्र. चिमाबाईने विचारले, कुठे गेले? अमरीन भाबडेपणाने सांगून गेली की कचऱ्याच्या डब्यात. "देवीचं कचऱ्यात टाकलंस?" म्हणून चिमाबाई कपाळावर हात मारून घेऊ लागली, तेव्हा अमरीनने घाईघाईने तो डबाही रिकामा केला. त्या गंभीर वेळीसुद्धा दोघीचौघी पदराआड हसल्या.

पुन्हा कौल लावला. या वेळी एकही कळी पडेना. वाट पाहिली. सावल्या लांबल्या. कळ्या पाषाणाला तशाच चिकटून राहिल्या. रायबाचा श्वास घुरघुरत होता. चिमाबाई म्हणाली, बस झाले, आता घरी चला. तो हलला नाही.

तेव्हा पूनम उठली. तिने आपल्या पिशवीतून एक काळी फ्लॉपी काढली. मुंबईच्या प्रदर्शनासाठी तिने चित्राची प्रत करून ठेवली होती, अमरीनलाही न सांगता. ती आजाजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजा, ह्याच्यावर तुझं नाव लिवलंय. तिकडं त्यांनी नाय लिवलं. मी लिवलंय."

रायबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाव ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "मला दिवा लावू दे."

कुणीतरी म्हणाले की ती चकती राईतच पुरा. रायबा नको म्हणाला. राईत राईचेच मुरते, ही वस्तू राईची नव्हे. मग पूनमने फ्लॉपी माझ्या तोंडात सरकवली. असे पुसताना आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो, नक्की पुसायचे का? आजवर हजारदा विचारला असेल. त्या दिवशी तो विचारताना मला पहिल्यांदा वाटले की हा प्रश्न खरेच प्रश्न आहे. पूनमने डोळे पुसले आणि 'हो'च्या बटणावर बोट दाबले.

उजवी कळी पडली. वारा सुटला असेल. मी यंत्र आहे, मला तेवढेच म्हणता येते.

कुशाबाने विचारले की परदेशात तो सूर अजून वाजतोय, त्याचे काय. रायबा उठत होता. तो म्हणाला, "त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या हातात आलं तेवडं मी परत घातलं. त्यांचा कौल अजून लागायचाय." कुशाबाने पुढे होऊन रायबाचा दंड धरला आणि त्यानेच त्याला गडग्याच्या आत नेले. रायबाने दिवा लावला. माझ्या वायरीतली वीज तेवढ्यात पुन्हा गेली, त्यामुळे राईत तो एकच उजेड उरला.

निघताना रायबाने माझ्या पाठीवर हात फिरवला, गुरावर फिरवावा तसा. त्याने अमरीनला विचारले की याला आणले कुठून, आणि याचे काम सरल्यावर परत कुठे नेणार. अमरीनने माझ्या कपाळावरच्या नावावर बोट ठेवले. पुढच्या पावसाळ्याआधी रायबा गेला. राईतला दिवा शेवटपर्यंत त्यानेच लावला, असे पूनमने येऊन सांगितले. पूनम पुढे शिकली. ती अजून चित्रे काढते, पण आधी विचारून.

दोन हजार पाचच्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडात शिरले. क्लासला नवी यंत्रे आली तेव्हा अमरीनने मला बंद करून माळ्यावर चढवले होते म्हणून मी वाचलो. खालची सगळी यंत्रे चिखलाने भरली. नंतर सुटीवर आलेला अर्शद म्हणाला की याला भंगारात देऊन टाक. भंगारवाले गावाबाहेर तारा जाळतात, तांबे काढून घेतात आणि उरलेले ओढ्याकाठी टाकतात. माझ्या काचेत शिसे आहे, ते पाण्यात उतरते. अमरीनने मला दिले नाही. तिने माझ्या कपाळावरचे नाव वाचून त्या कंपनीला लिहिले, तुमची वस्तू परत न्याल का? उत्तर आले नाही. अमरीन लग्न होऊन गेली, तरी माहेरी आली की ताडपत्री उचलून बघते.

मित्रांनो, मेढीला राई आहे, मला कुणीच नाही. म्हणून एवढेच मागतो. माझ्यासारखे काही घरात आणाल तेव्हा ते परत कुठे जाणार, हे आणतानाच विचारा. दुसऱ्याच्या रानातून फूल, फोटो, सूर, काहीही घ्याल ते सांगून घ्या, ज्याचे त्याचे नाव लावा, आणि परत देण्याचे कबूल केले असेल तर द्या. राईत कस्तूर परत गायला का, ते मला माहीत नाही. तो पहाटे गातो, आणि मी त्याच संध्याकाळी खाली उतरलो होतो.

माझ्या आत मात्र एक रिकामी जागा राहिली आहे, एका श्वासाएवढी. ती पुन्हा भरण्याआधीच अमरीनने माझे बटण कायमचे बंद केले. आयुष्यभर माझ्यात जे जे होते ते कुणाची ना कुणाची प्रत होते. ही रिकामी जागा तेवढी माझी स्वतःची आहे.